लक्षात ठेवण्याचं ओझं

कामं जास्त झाली की माणूस थकतो, हे खरंच आहे. पण दिवसभर राबून मला जेवढा थकवा येत नाही, तेवढा न झालेली कामं मनात बाळगून येतो. घर डोंबिवलीला, ऑफिस भायखळ्याला, मुलगा बारावीत, लेक कॉलेजात, सासूबाई ऐंशीच्या पुढे. यात जगावेगळं काही नाही, आमच्या लेडीज डब्यातल्या निम्म्याअधिक जणींचं हेच चालू असतं. तरीही मधे अशी काही वर्षं गेली की डब्यातलं पीठ संपलेलं दिसलं तरी छातीत धडधडायचं. गिरणीत जाऊन येणं हे दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांच्या मागे बिघडलेला गीझर, क्लासच्या फीचा हप्ता, आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, सोसायटीची सभा असं सगळं रांग लावून उभं असायचं. पीठ दिसलं की रांग दिसायची. त्यातून हळूहळू बाहेर पडताना जे हाती लागलं ते लिहिते आहे.

१. डोक्यातलं सगळं एकदा कागदावर येऊ द्या.

रात्री जेवणं आटोपल्यावर मुलाच्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन बसले आणि सुचेल ते लिहीत गेले. क्रम नाही, महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं अशी निवड नाही. ‘पडद्याची कडी तुटली आहे.’ ‘आत्याला फोन करायचा राहिला.’ ‘मीटररूमची किल्ली सेक्रेटरींना परत.’ ‘लेकीच्या आधार कार्डावर अजून जुना पत्ता.’ ‘मुगाला किडे लागलेत.’ लिहिताना जाणवलं, की मुगाचे किडे आणि ऑपरेशन या दोन्ही गोष्टी डोक्यात एकाच आवाजात ओरडत होत्या. कागदावर आल्यावर त्यांचा आकार वेगळा दिसला. निम्मी कामं या महिन्यातली नव्हतीच, आणि दोन-तीन तर माझी नव्हती.

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये शिकत असताना केलेले प्रयोग १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या जास्त लक्षात राहतं, असं त्यांना आढळलं होतं. तो निष्कर्ष सगळीकडे सारखा लागू पडतो का, यावर पुढे बरेच वाद झाले. मला जास्त उपयोगी पडला तो मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांचा २०११ मधला अभ्यास. अपुरं काम मनात घुटमळत राहतं आणि दुसऱ्या कामात लक्ष लागू देत नाही, हे त्यांनीही पाहिलं. पण ते काम कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, की काम झालेलं नसतानाही ते घुटमळणं थांबतं. हे वाचलं तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं. म्हणजे शांत झोप लागायला सगळी कामं संपावी लागत नाहीत. त्यांचा वार ठरला तरी पुरतं.

२. कामाचं नाव लिहू नका, पुढची कृती लिहा.

‘आईंचं ऑपरेशन’ असं लिहून ठेवलं होतं तोवर त्या ओळीकडे बघायचीही भीती वाटायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन आजकाल थोड्या वेळात होतं, पेशंट त्याच दिवशी घरी येतो, हे माहीत असूनही. मग ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘मेडिक्लेमच्या कागदात मोतीबिंदूसाठी किती रकमेची मर्यादा आहे ते बघणे.’ बऱ्याच पॉलिसींमध्ये एका डोळ्यामागे ठरावीक रक्कमच मिळते, बाकीचे पैसे आपण घालायचे असतात. तो आकडा कळल्यावर पुढची ओळ आपोआप आली, ‘साखरेचा रिपोर्ट ताजा करून घेणे.’ मग ‘डॉक्टरांची वेळ’. तसंच ‘गीझर’ या शब्दाने काहीच होत नाही. ‘इलेक्ट्रिशियनला सकाळी नऊच्या आत फोन, नंतर तो उचलत नाही’ असं लिहिलं की होतं.

३. भिंतीवरच्या कालनिर्णयाला काम द्या.

माझ्या माहेरी स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं असे आणि त्याच्या प्रत्येक चौकोनात आईच्या बारीक अक्षरात काहीतरी असे. दूध जास्त घेतलं तर ‘दू. १ जा.’. कामवाल्या बाई आल्या नाहीत तर ‘खा.’, म्हणजे खाडा. सिलिंडर लावला की ‘सि.’. धुण्याचा साबण कधी काढला, रॉकेल कधी आणलं, कुणाचं बाळंतपण कधी आहे, सगळं तिथे. महिना संपला की पान फाडायचं नाही, मागे उलटायचं, कारण मागचा सिलिंडर किती दिवस गेला ते बघायचं असे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं, ते तिथी-सण-मुहूर्तांसाठी. मराठी घरातल्या बायकांनी त्या चौकोनांना घराची हिशेबवहीही करून टाकलं. आईच्या डोक्यात कामांची गर्दी कमी होती असं मुळीच नाही. पण तिने बरीचशी गर्दी भिंतीवर टांगली होती आणि ती घरातल्या सगळ्यांना दिसत होती.

हे ‘सगळ्यांना दिसणं’ फार मोठं आहे. मोबाइलमधली आठवण फक्त मला दिसते, म्हणजे काम पुन्हा माझ्याच गळ्यात. भिंतीवर ‘१४ – पाणी नाही, आदल्या रात्री भरणे’ असं लिहिलेलं असेल तर रात्री साडेदहाला घरी आलेला मुलगाही पिंप भरायला लागतो. कुणी सांगावं लागत नाही. आमच्याकडे आता पेन दोऱ्याने कालनिर्णयालाच बांधलेलं आहे, कारण पेन शोधायला लागलं की कुणी लिहीत नाही.

४. मदत मागू नका, अख्खं काम सोपवा.

‘तू फक्त सांग, मी करतो.’ हे वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षं अत्यंत प्रेमाने बोललं गेलं आहे. नवरा आळशी नाही, सांगितलेलं काम कधी टाळत नाही. पण ‘सांग’ या शब्दात काय काय येतं ते बघा. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात हे लक्षात यायला हवं. चिठ्ठी जुनी झाली असेल तर डॉक्टरांकडून नवी आणायची हे सुचायला हवं. कोपऱ्यावरच्या दुकानात ती गोळी मिळत नाही, स्टेशनजवळच्या दुकानात मिळते, हे माहीत हवं. मग सांगायचं. मग आणली का ते विचारायचं. यातलं ‘आणणं’ हे सगळ्यात सोपं काम, आणि तेवढंच वाटून घेतलं जातं.

अ‍ॅलिसन डॅमिंगर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी घरकामातल्या या न दिसणाऱ्या भागाचे चार टप्पे पाडले : गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक घरांत दोघं मिळून घेत होते. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र बहुतेक बायकांकडे होता. ती माणसं अमेरिकेतली होती, पण ते वाचताना मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं.

आपल्याकडचे आकडे हाताने करायच्या कामाचे आहेत आणि तेही बोलके आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. लक्षात ठेवण्याची मिनिटं यात कुठे धरायची? भाजी चिरताना उद्याच्या डब्याचा विचार चालू असतो, तो वेळ भाजी चिरण्यातच मोजला जातो.

म्हणून आम्ही कामं तोडून वाटण्याऐवजी मुळापासून शेंड्यापर्यंत वाटली. आईंची औषधं पूर्णपणे नवऱ्याची. म्हणजे गोळ्या मोजणं, चिठ्ठी, दुकान, आठवड्याच्या डबीत सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या भरणं, डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवणं, सगळं. मी त्या डबीचं झाकणसुद्धा उघडत नाही. सुरुवातीला हे फार कठीण गेलं. एकदा त्याने दुसऱ्याच कंपनीच्या गोळ्यांचं पाकीट आणलं, रंग वेगळा, आई म्हणाल्या, “ही माझी गोळी नाही.” माझ्या जिभेवर चार वाक्यं आली होती. नवऱ्याने दोन्ही पाकिटं खिडकीपाशी नेऊन चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं, औषध आणि मात्रा तीच आहे याची खात्री केली, डॉक्टरांनाही फोन करून विचारलं. मग आईंजवळ बसून म्हणाला, “आई, कंपनी वेगळी आहे, औषध तेच.” ते सगळं तो माझ्याशिवाय करू शकला, कारण मी बोलले नाही. काम सोपवल्यावर त्याच्यावर पहारा ठेवला तर चौथा टप्पा आपल्याकडेच राहतो आणि आपण मोकळे होत नाही.

मुलांकडेही अशी अख्खी कामं आहेत. कचरा मुलाकडे : ओला-सुका वेगळा करणं, पिशव्या संपल्या तर आणणं, डबा धुणं. लाइट बिल, गॅसचं बुकिंग आणि इंटरनेट लेकीकडे. एकदा इंटरनेट बंद पडून भाऊ-बहिणीत जुंपली, ती त्यांनीच निस्तरली.

५. रोजचे निर्णय आठवड्यातून एकदाच घ्या.

‘आज भाजी काय?’ हा प्रश्न ट्रेनमध्ये, ऑफिसात, जिन्यात, सगळीकडे पाठलाग करतो. स्वयंपाकाचा मला कधीच कंटाळा आला नाही. ठरवण्याचा आला. उसळीचंच बघा. मटकी गुरुवारी पानात हवी असेल तर मंगळवारी रात्री भिजत घालायला लागते, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायला लागते, थंडीच्या दिवसांत मोड यायला त्याहून वेळ लागतो. म्हणजे गुरुवारच्या वाटीभर उसळीचा विचार मंगळवारी रात्री, ओटा पुसून झाल्यावर, डोळे मिटत असताना करायचा. तो विचार रोज नव्याने करायची गरज नाही. आमच्याकडे वार ठरले आहेत : सोमवारी पालेभाजी, मंगळवारी फळभाजी, गुरुवारी उसळ, शुक्रवारी पिठलं किंवा झुणका. बुधवारी फ्रीजमध्ये जे उरलं असेल ते. फ्रीजच्या दारावर कागद आहे, त्यामुळे मंगळवारी रात्री मटकी कुणीही भिजवतं. सणवार, पाहुणे आले की बदलतं, पण बदल करायला आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं.

६. कागदांचा एक शनिवार धरा.

केवायसी, नॉमिनी, वाहनाचं पीयूसी, ठेवींच्या मुदती, मालमत्ता कर, शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं. ही कामं लहान असतात, पण रोज थोडी थोडी करायला गेलं तर रोज दिवस खातात. ओटीपी येत नाही, फोटो अमुक केबीपेक्षा मोठा चालत नाही, झेरॉक्सवर सही राहिली. मी ही सगळी महिन्याच्या पहिल्या शनिवारवर टाकते. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, पहिल्या शनिवारी उघड्या असतात, म्हणून पहिलाच. मधल्या दिवसांत एखादा मेसेज आला, की तो वाचून लगेच धावायचं नाही, मुदत बघायची आणि त्या शनिवारच्या पिशवीत टाकायचा. पिशवी खरीच आहे, कापडी, कपाटाच्या आतल्या बाजूला खिळ्याला अडकवलेली. तिच्यात सगळ्यांचे फोटो, आधारच्या प्रती, निळं पेन आणि गोंदाची बाटली कायम.

काही हेलपाटे आता नकोच आहेत, तेही माहीत करून घ्यावं. आईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी रिक्षा करून बँकेत न्यायचं, रांगेत खुर्ची मागायची. जीवन प्रमाण ही डिजिटल सोय २०१४ मध्ये आली, आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. केंद्र सरकारच्या ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची गर्दी टळते. आई पलंगावर बसल्या बसल्या, पदर नीट करून, कॅमेऱ्याकडे बघतात.

७. जे काम पुन्हा पुन्हा येतं त्याची यादी एकदाच करा आणि दाराला चिकटवा.

आमच्या दाराच्या आतल्या बाजूला गावी जातानाची यादी आहे. गॅसचा रेग्युलेटर बंद, गीझरचा स्विच बंद, नळ बंद, दूध आणि पेपर बंद सांगितलं, तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकूंना किल्ली, आईंची डबी पर्समध्ये. पूर्वी कर्जतच्या पुढे गाडी गेली तरी ‘गॅस बंद केला ना?’ हे मनात चालू असायचं. आता एक जण वाचतो, दुसरा बघून ‘हो’ म्हणतो.

जी गोष्ट आपल्याला पाठ आहे तिची यादी कशाला, असं वाटतं खरं. पण ऑपरेशन थिएटरमध्येही हेच वाटत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी काढली. त्या कामाचे प्रमुख डॉ. अतुल गवांदे, त्यांचे वडील मूळचे विदर्भातले. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. पेशंटचं नाव बरोबर आहे का, कुठल्या बाजूचं ऑपरेशन आहे, असे साधे प्रश्न मोठ्याने विचारायचे. तज्ज्ञ सर्जनना जर कागदाचा आधार घेण्यात कमीपणा वाटत नसेल, तर आपल्याला का वाटावा?

८. सगळं अंगावर येतं त्या संध्याकाळी फक्त ओटा.

अशा संध्याकाळी येतातच. यादी आहे, कालनिर्णय आहे, तरी घरात पाऊल टाकल्यावर भांड्यांनी भरलेलं सिंक, सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग, आईंचं जेवण आणि मुलाचं तोंड उतरलेलं. कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाही आणि माणूस चप्पलही न काढता उभा राहतो. अशा वेळी मी विचार करायचाच नाही असं ठरवलं आहे. हातपाय धुवायचे, पाणी प्यायचं आणि ओटा मोकळा करायचा. बाकी काहीही दिसलं तरी हात लावायचा नाही. ओटा पुसून कुकर लागला की पुढची पंधरा-वीस मिनिटं कुकर काम करतो आणि मी मुलाजवळ बसते. कपड्यांचा ढीग सकाळपर्यंत तिथेच राहिला तरी कुणाचं काही बिघडत नाही. मुलाचं तोंड उतरलेलं राहिलं तर बिघडतं.

९. काही कामं कायमची सोडा.

चादरींना इस्त्री. दिवाळीला अनारसे घरीच झाले पाहिजेत हा हट्ट. प्रत्येक वाढदिवसाला प्रत्येक ग्रुपवर शुभेच्छा. अनारसे आता आमच्या विभागातल्या एका महिला बचत गटाकडून येतात, माझ्यापेक्षा जाळी चांगली पडते. चकल्या मात्र घरी करतो, कारण ते सगळ्यांना आवडतं आणि सोऱ्या फिरवायला मुलगा असतो. काय सोडायचं हे कष्टांवरून ठरवू नये, आनंदावरून ठरवावं.

१०. गाडीतला तास रिकामा ठेवा.

आमच्या डब्यात अजूनही बायका भाजी निवडतात, मटार सोलतात, त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. मीही हे खूप केलं. आता डोंबिवली ते भायखळा मी काही करत नाही. जागा मिळाली तर डोळे मिटते, नाही मिळाली तर मुंब्र्याची खाडी बघते. दिवसात एक तरी वेळ अशी हवी जिच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नाही.

११. आधी शरीर तपासा.

हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. कामं झेपत नाहीत असं वाटतं तेव्हा आपण कामांकडे बघतो, स्वतःच्या रक्ताकडे बघत नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. जिना चढताना लागणारी धाप, दुपारनंतर जड होणारं डोकं, क्षुल्लक गोष्टीवरून येणारं रडू यामागे हिमोग्लोबिन असू शकतं, थायरॉइड असू शकतं, पाळी जाण्याचा काळ असू शकतो. माझं हिमोग्लोबिन बरंच खाली होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की गोळी चहाबरोबर किंवा चहाच्या लगेच आधी-नंतर घ्यायची नाही, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या म्हणाले. काही महिन्यांनी तीच कामं, तेच घर, पण पीठ संपलं की मी सरळ गिरणीत जात होते.

आणि रक्त ठीक असूनही दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, सकाळी उठूच नये असं वाटत असेल, तर ते कामांचं ओझं नाही, आजार असू शकतो, आणि त्याला याद्या पुरत नाहीत. डॉक्टरांना सांगावं. तेवढं बळ नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास कुणीतरी असतं आणि मराठीत बोलता येतं. आमच्या डब्यातल्या एका मैत्रिणीसाठी हा क्रमांक मीच लावून दिला होता, ठाणे स्टेशनच्या फलाटावर, गर्दीतून थोडं बाजूला उभं राहून. ती बोलत होती तेवढा वेळ तिची पर्स आणि डबा मी धरला. दोन गाड्या सोडल्या आम्ही.